दोन गाण्यांच्या मधली जागा

सोमवार

बसच्या मागच्या निम्म्या भागात माणसांऐवजी वाद्यं होती. ड्रमच्या गोल पेट्या, दोन कीबोर्ड, तबल्याची जोडी, व्हायोलिनच्या लांबट केसेस आणि केबलींनी भरलेल्या पत्र्याच्या ट्रंका. पुढे वादक, कानाला हेडफोन लावून डोळे मिटलेले. कार्यक्रमाचा संगीत संयोजक माझा मावसभाऊ. बसमधले सगळे त्याला दादा म्हणतात, मी तर लहानपणापासूनच म्हणते. त्याच्यामुळेच मला आठवडाभर सेटवर राहायची परवानगी मिळाली होती.

गाणी, नाच, विनोदी प्रवेश, एखादं वाद्यवादन, पाहुणा कलाकार आणि शेवटी सगळ्यांचं मिळून एक गाणं, असे तासाभराचे कार्यक्रम मी टीव्हीवर कायम बघत आले. बघताना एक प्रश्न दर वेळी पडायचा. एक गाणं संपतं, टाळ्या वाजतात, सूत्रसंचालिका दोन वाक्यं बोलते आणि त्याच रंगमंचावर दुसरीच दुनिया उभी असते. मघाचे बारा वादक कुठे गेले? हा पियानो कुठून आला? ते बघायला मी निघाले होते.

दुपारी पोचलो तेव्हा फ्लोअरवर, म्हणजे चित्रीकरणाच्या दालनात, अजून रंगमंच नव्हता. वर छताखाली लोखंडी जाळं, त्याला साखळ्यांच्या मोटरांनी टांगलेले ट्रस माणसाच्या उंचीपर्यंत खाली आणलेले आणि लाइटमन एकेक दिवा त्यांना अडकवून सेफ्टीची तार ओढून बघत होते. एका भिंतीशी एलईडी वॉलचे चौकोन एकमेकांना जोडणं चाललं होतं. जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्यांच्या खुणा: गायिकेची लाल, नर्तकांच्या पिवळ्या, पाहुण्याची निळी, पियानोच्या चार चाकांच्या चार पांढऱ्या. टीव्हीवर मैदानासारखा वाटणारा सेट प्रत्यक्षात केवढा लहान असतो! रुंद कोनाची भिंग, चकचकीत काळी जमीन आणि मागची उजळ भिंत मिळून तो खोलपणा निर्माण करतात. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'चा पहिला भाग १ जानेवारी १९६४ रोजी मँचेस्टरमधल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीतून प्रसारित झाला होता. संगीताच्या कार्यक्रमाला जागा किती लागते, याचा अंदाज त्यावरून यावा.

दादानं मला भिंतीवर लावलेल्या मोठ्या तक्त्यापुढे नेलं. ही रनिंग ऑर्डर. एका ओळीत एक आयटम आणि पुढे रकाने: मिनिटं-सेकंद, कलाकार, माइक, सेटिंग, प्रकाश, कॅमेऱ्याची टीप. मी गाण्यांची नावं वाचायला लागले, तर तो म्हणाला, "ओळी नको वाचूस, ओळींच्या मधल्या रेघा बघ. आमचा आठवडा त्या रेघांवर जातो."

मंगळवार

तालमीची खोली फ्लोअरपासून लांब, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दोन दारांच्या आड. सकाळी गायक येण्याआधी दादा नुसत्या वादकांना घेऊन बसला. प्रत्येकापुढे कागद होता, पण तबलजींपुढे नव्हता. ते ऐकूनच बसवतात आणि एकदा बसलं की त्यांचं हलत नाही.

मला वाटलं होतं, पहिलं गाणं वाजवून बघतील. त्यांनी सुरुवात केली पहिल्या गाण्याच्या शेवटापासून.

पहिलं गाणं पांढरी चारमध्ये (पट्ट्यांची ही नावं हार्मोनियमवरची), संथ, मिनिटाला ९२ मात्रांचं. त्याला लागून येणारं दुसरं काळी एकमध्ये, नाचाचं, १३८ मात्रांचं. पट्टी वेगळी, लय वेगळी, रंग पूर्ण वेगळा. मध्ये थांबायचं नाही, कारण थांबलं की टीव्हीसमोरच्या माणसाचा हात रिमोटकडे जातो. दादानं कीबोर्डवर पांढरी चारचा सूर धरून ठेवला. पहिल्या गाण्याचा तो षड्ज, म्हणजे 'सा'. गाणं संपलं, सगळी वाद्यं थांबली, तो सूर तेवढा राहिला. मग बास गिटारनं खालून काळी एक दिली आणि तोच सूर, एका केसानंही न हलता, नव्या पट्टीचा गंधार, तिचा 'ग' झाला. कानाला कळतं की काहीतरी उजळलं. काय बदललं ते सापडत नाही. मी त्याला ते पुन्हा वाजवायला सांगितलं. त्यानं हसून वाजवलं.

लयीचा सांधा तबलजींनी सोडवला. ९२ ची दीडपट १३८. त्यांनी शेवटच्या दोन आवर्तनांत आधीच्या लयीतच आड, म्हणजे दीडपटीची चाल, धरली. एका मात्रेचे तीन भाग बोटांखाली चालू झाले, आणि त्या तुकड्यांतले दोन-दोन धरून ड्रमरनं नवी मात्रा उचलली. समेवर दोघं एकत्र आले तेव्हा व्हायोलिनवाल्या ताईंनी खुर्चीच्या हातावर थाप दिली. दोन आवर्तनांच्या या कामाला जवळजवळ तास गेला, आणि त्यातला एक क्षणही मला लांबला असं वाटलं नाही.

दुपारी गायिका आली. तिच्या घशाला आज काळी एक जड जात होती, असं तिनं मोकळेपणानं सांगितलं. अर्धा स्वर खाली आणला असता तर सकाळचा सगळा सांधा उसवला असता. दादानं गाणं खाली आणलं नाही. अंतऱ्यातली सर्वांत वरची ओळ दोघी सहगायिकांना दिली आणि तिला खालची सुरावट दिली. माझ्या मते गाणं त्यामुळे जास्त चांगलं झालं; आता ती ओळ उत्तरासारखी येते.

नाचाच्या गाण्याची वाद्यसाथ मात्र आधीच मुद्रित केलेली. नर्तकांना दर वेळी नेमकी तीच लांबी लागते, शिवाय इतकी व्हायोलिनं फ्लोअरवर मावतही नाहीत. मुद्रित साथीबरोबर वादकांच्या कानात क्लिक चालतो, एकसारखी टिकटिक, आणि ते तिच्याशी जुळवून वाजवतात. युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेत १९९८ पर्यंत जिवंत वाद्यवृंद असे. १९९९ पासून तो गेला आणि साथ ध्वनिफितीवर आली. सोय मला कळते. पण सकाळी पहिल्या गाण्यात, क्लिक नसताना, गायकानं एक सूर ठरल्यापेक्षा लांबवला आणि अख्खा ताफा त्याच्यासाठी थांबून राहिला, ते फितीला कधीच जमणार नाही. दादानं पहिल्या गाण्याला क्लिक लावू दिलेला नाही. त्यासाठी तो निर्मात्यांशी वाद घालून आला होता, आणि तो वाद घातला हे मला फार आवडलं.

बुधवार

आजचा दिवस आवाजवाल्यांचा.

सकाळी ध्वनिमुद्रक फ्लोअरच्या एका टोकाला उभे राहिले, त्यांचा सहायक दुसऱ्या टोकाला. त्यानं टाळी वाजवली. ती दिसली आधी, ऐकू आली नंतर. फरक अगदी बारीक, पण एकदा लक्ष गेलं की मग दर वेळी जाणवतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. वीस मीटर रुंदीच्या फ्लोअरवर एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकाला पोचायला ५८ मिलिसेकंद लागतात. १३८ च्या लयीत एका मात्रेचा चतुर्थांश १०९ मिलिसेकंदांचा. म्हणजे लांबचा नर्तक ड्रमच्या आवाजावर नाचला, तर त्या चतुर्थांशाच्या निम्म्याहून जास्त मागे पडेल, आणि कॅमेऱ्यात ते लगेच दिसेल. म्हणून वादक आणि गायकांच्या कानात इन-इअर हा छोटा इअरफोन असतो आणि नर्तकांसाठी जमिनीलगत त्यांच्या जवळच मॉनिटर स्पीकर ठेवतात. आपण गायकाच्या कानातली ती वायर बघतो आणि पुढे जातो. तिच्यातून त्याला काय ऐकू येतं, हे ठरवणारा स्वतंत्र माणूस असतो, मॉनिटर इंजिनिअर. प्रत्येकाची मागणी निराळी: गायिकेला स्वतःचा आवाज आणि षड्ज, ड्रमरला क्लिक आणि बास, तबलजींना गायकाशिवाय काही नको. तो दिवसभर त्या एकेका कानासाठी झटत होता.

मग बिनतारी माइक. इथे मला नवीन कळलं ते असं की नुसत्या वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी देऊन भागत नाही. दोन ट्रान्समीटर जवळ आले की त्यांच्यातून तिसऱ्या, चौथ्या फ्रिक्वेन्सी जन्मतात. एक ६०० मेगाहर्ट्झवर आणि दुसरा ६००.४ वर असेल, तर ५९९.६ आणि ६००.८ वर त्यांची भुतं उठतात, आणि तिथे एखादा तिसरा माइक असला की तो खरखरतो. त्यामुळे सगळ्या माइकांची गणितं एकत्र मांडून मोकळ्या जागा शोधाव्या लागतात. विनोदी प्रवेशातले नट आणि शेवटच्या गाण्यातले सगळे गायक यांना मिळून पुरतील एवढ्या जागा नव्हत्या. म्हणून काही माइक एका आयटमनंतर काढून, बॅटरी बदलून, पुढच्याच्या अंगावर चढवायचे. कोणता माइक कुणाकडून कुणाकडे, केव्हा आणि कुठल्या विंगेत, याचा तक्ता एका तरुण मुलीकडे होता. तो तिला तोंडपाठ होता. ती म्हणाली, "मी गाणी ऐकतच नाही हो ताई, मला फक्त शेवटच्या टाळ्या ऐकू येतात. त्या आल्या की पळायचं."

संध्याकाळी प्रकाशयोजना सुरू झाली. टंगस्टनचा दिवा ३२०० केल्विनचा, पिवळसर. दिवसाच्या उजेडाचा ५६०० चा, निळसर. चेहऱ्यावर एक आणि मागून दुसरा पडला की त्वचेचा रंग बिघडतो, म्हणून आधी चेहरा ठरवतात आणि मग बाकीचे रंग. एलईडी वॉलवर कॅमेऱ्यात आडव्या पट्ट्या सरकत होत्या; वॉल आणि कॅमेरे एकाच ठोक्यावर बांधले तेव्हा त्या गेल्या. उरलेल्या तपशिलात मी शिरले नाही. फक्त एक बघितलं: ९२ वरून १३८ वर जाताना प्रकाशही त्या गंधारावरच बदलतो. दादानं प्रकाशयोजनाकाराच्या शेजारी बसून तो सूर त्याला गुणगुणून दाखवला होता.

गुरुवार

आज कॅमेरे आले आणि फ्लोअरवरचा वावर बदलला. आतापर्यंत लोक एकमेकांशी बोलत होते. आता ते हेडसेटमध्ये बोलायला लागले.

मी बसले कंट्रोल रूममध्ये. समोर पडद्यांची भिंत, प्रत्येक कॅमेऱ्याचा एक, शिवाय 'पुढे काय' आणि 'बाहेर काय जातंय' असे दोन मोठे. ऑनलाइन डिरेक्टर ताई, म्हणजे चालू कार्यक्रमात कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र घ्यायचं ते ठरवणाऱ्या. त्यांच्या पुढ्यात गाण्याचे शब्द, ओळीओळीवर कॅमेऱ्यांचे आकडे. त्यांच्या उजवीकडे चित्र बदलणाऱ्या व्हिजन मिक्सरच्या बटणांवर बोटं ठेवलेला माणूस, डावीकडे सहायक. सहायकाचं काम नुसतं मोजणं. ती आवर्तनं मोठ्यानं मोजते, पुढे किती उरली ते सांगते, आणि तिच्या मोजणीवर सगळे शॉट पडतात. "तीन तयार... तीन. जिब, वर ये, ये, ये... जिब." जिब म्हणजे लांब दांड्यावर वरखाली फिरणारा कॅमेरा. ताईंचा आवाज चढत नव्हता. एका कॅमेरामनचा फोकस सुटला तेव्हा त्या फक्त म्हणाल्या, "दोन, तुझ्याकडे पुन्हा येते मी, सावकाश घे." पुढच्या फेरीत त्याचा शॉट सर्वांत सुंदर होता.

गाण्यांमधले कॅमेरे दोन-तीन फेऱ्यांत बसले. दिवस गेला रेघांवर.

वाद्यवादनाच्या आयटमसाठी पियानो लागतो. तो चाकांच्या रायझरवर, म्हणजे बुटक्या मंचावर, विंगेत उभा असतो, आणि आधीच्या आयटमचा झोपाळा काढून तो आणायचा. सेटिंगचं काम बघणाऱ्या प्रमुखांना सगळे मामा म्हणतात. मामांनी सांगितलं, पंचेचाळीस सेकंद लागतील. ताई म्हणाल्या, माझ्याकडे चाळीस आहेत. सूत्रसंचालिका रंगमंचाच्या एका कोपऱ्यात उभी राहणार, तिचा चेहरा आणि खांदे एवढाच शॉट, आणि तिच्यामागे अंधारात सहा माणसं पियानो ढकलणार. तिचं बोलणं चाळीस सेकंदांचं लिहिलेलं. लेखकाला बोलावलं. त्यानं एक वाक्य वाढवलं, पण निर्मात्यांना एकूण वेळेत ते बसेना, पुन्हा काढलं.

युरोव्हिजनमध्ये दोन गाण्यांच्या मध्ये ज्या छोट्या चित्रफिती दाखवतात, त्यांना पोस्टकार्ड म्हणतात. १९७० साली आम्स्टरडॅमच्या स्पर्धेत देश कमी होते, म्हणून वेळ भरून काढायला त्या आणल्या. आज त्या फिती चालू असताना आख्खा रंगमंच बदलतो. आमच्याकडे चित्रफीत नव्हती. एक हसरा चेहरा आणि चाळीस सेकंद होते.

सूत्रसंचालिकेचा माझ्यावर फार परिणाम झाला. ती वाचते प्रॉम्प्टरवरून. भिंगापुढे तिरकी अर्धपारदर्शक काच, तिच्यावर खालून अक्षरं उमटतात आणि मागून कॅमेरा तिला बघतो, त्यामुळे नजर थेट आपल्यावर राहते. १९५० च्या सुमारास हे यंत्र आलं तेव्हा कागदाची लांब गुंडाळी फिरायची. पण वाचणं हे तिचं सगळ्यांत सोपं काम. तिच्या कानात ताई उरलेले सेकंद सांगत असतात, मागे चाकांचा आवाज होत असतो, समोर फ्लोअर मॅनेजर बोटं दाखवत असतो: पाच, चार, तीन... आणि तिला शेवटच्या शब्दावर शून्याला पोचायचं असतं, घाई न दिसता. ती प्रत्येक वेळी पोचली.

मामांची मुलं मात्र बेचाळीसच्या खाली येत नव्हती. रात्री सगळे गेल्यावर ती सहा जणं रबरी तळव्यांचे बूट घालून तोच पियानो पुन:पुन्हा आणत राहिली. कोण कुठे वळणार, कोणाचा हात कुठल्या कडेवर, चाकांची कुलुपं कोण लावणार, सगळं नाचासारखं बसवलेलं. मामा स्टॉपवॉच घेऊन मधोमध उभे. मला त्या रात्री या आठवड्यातली सर्वांत उत्तम तालीम बघायला मिळाली.

शुक्रवार

दुपारी प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम, संध्याकाळी दुसऱ्या प्रेक्षकांसमोर चित्रीकरण. ही पद्धत जुनी आहे. 'एड सलिव्हन शो' १९४८ ते १९७१ असा रविवारी रात्री अमेरिकेत जिवंत प्रसारित व्हायचा. दुपारी प्रेक्षकांसमोर पूर्ण तालीम होई आणि तिच्यानंतर सलिव्हन क्रम बदलत, आयटम कापत, कधी काढूनही टाकत. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स त्या मंचावर आले तेव्हा सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी बघितलं. कॅरल बर्नेट यांचा कार्यक्रम १९६७ ते १९७८ चालला; तो एकाच दिवशी दोन वेगळ्या प्रेक्षकांसमोर चित्रित होई आणि दोहोंतलं उत्तम ते निवडलं जाई. कारण साधं आहे. विनोद आणि टाळी तालमीच्या खोलीत कळत नाही. त्यासाठी कार्यक्रमाची कसलीच माहिती नसलेली माणसं समोर बसावी लागतात.

दुपारच्या प्रेक्षकांनी आमचं पहिलं गाणं प्रेमानं ऐकलं, दुसऱ्यावर ठेका धरला, आणि तिसऱ्या क्रमांकावरचा विनोदी प्रवेश पडला. प्रवेश चांगला होता. पण नाचानंतर लोक इतके वर गेलेले असतात की बोलण्यावर यायला त्यांना वेळ लागतो, आणि तेवढ्यात पहिले दोन विनोद वाया जातात. निर्माते, ताई, लेखक, दादा सगळे एका टेबलाभोवती जमले. पाच मिनिटांत निर्णय झाला: विनोदी प्रवेश पहिल्या आणि दुसऱ्या गाण्याच्या मध्ये.

मी दादाकडे बघितलं. मंगळवारचा सबंध सांधा, षड्जाचा गंधार, तबलजींची आड, नेमका त्या दोन गाण्यांच्या मध्ये होता. आता तिथे सहा मिनिटांचा प्रवेश आला. निर्माते म्हणालेसुद्धा, "दादा, तुमचा तो पूल गेला बघा." दादा काही बोलला नाही. तो उठून कीबोर्डकडे गेला.

त्यानं जे केलं ते मला कधीच सुचलं नसतं. पहिलं गाणं संपलं की तो पांढरी चारचा सूर तसाच राहणार, टाळ्यांखाली, मग सूत्रसंचालिकेच्या बोलण्याखाली, हळूहळू विरत प्रवेशाच्या पहिल्या वाक्यापर्यंत. प्रवेशाचं शेवटचं वाक्य पडलं, लोक हसले, की त्या हसण्यातच तोच सूर पुन्हा उगवणार, आता काळी एकवर, गंधार होऊन. सहा मिनिटांपूर्वीचा सूर कोणाला आठवेल, असं मी विचारलं. तो म्हणाला, "आठवायला नको. ओळखीचा वाटला की झालं." तबलजींनी आड सोडली नाही, त्यांनी ती गंधारावर दोन आवर्तनं एकट्यानं वाजवायची ठरवली, आणि त्या एकट्या तबल्यावर प्रकाशयोजनाकारानं त्यांच्यासाठी एक दिवा राखला. अर्ध्या तासात हे सगळं झालं. त्याच अर्ध्या तासात माइकचा तक्ता सांभाळणाऱ्या मुलीनं आपली सगळी धावपळ नव्यानं मांडली, आणि मामांनी विंगेतल्या सामानाचा क्रम बदलला.

संध्याकाळी प्रेक्षक आत आले. त्यांच्यासमोर आधी एक निवेदक येतो, जो टीव्हीवर कधी दिसत नाही. तो त्यांना हसवतो, टाळ्या कशा हव्यात ते सांगतो, रिकाम्या खुर्च्या भरून घेतो. सुरुवातीलाच टाळ्या, हशा आणि निव्वळ शांतता वेगवेगळी मुद्रित करून ठेवतात, ती शनिवारी संकलनात लागते. मग दिवे गेले, ताईंचा आवाज हेडसेटमध्ये आला आणि सुरू झालं.

पहिल्या गाण्यात गायकानं मंगळवारपेक्षाही लांब सूर धरला. क्लिक नव्हता. सगळे थांबले. कंट्रोल रूममध्ये सहायकाची मोजणीही थांबली, आणि ताईंनी कट करायचं सोडून तो एकच शॉट तसाच राहू दिला. मग षड्ज, टाळ्या, प्रवेश. या वेळी पहिल्याच विनोदाला लोक खळखळून हसले. शेवटच्या हशातून तो सूर आला, तबल्यावर दिवा पडला, आणि ड्रमरनं १३८ उचलली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

पियानोची वेळ आली. सूत्रसंचालिका कोपऱ्यात बोलायला लागली. अंधारात सहा जणं निघाली. मी विंगेतून बघत होते. झोपाळा गेला, पियानो आला, चारही चाकं पांढऱ्या खुणांवर. तीन कुलुपं लागली. चौथं अडकलं. सूत्रसंचालिकेचं शेवटचं वाक्य चालू होतं. पाच जणं विंगेत परतली. सहावा मुलगा रायझरच्या मागे जमिनीवर आडवा झाला आणि त्यानं ते चाक दोन्ही हातांनी धरलं. दिवे लागले. वादकाच्या हातांखाली पियानो जरासाही हलला नाही. चार मिनिटांचं वादन झालं, कॅमेरे सगळीकडून फिरले, जिब वरून गेला, आणि तो मुलगा एकाही शॉटमध्ये आला नाही, कारण ताईंनी पडद्यावर त्याच्या बुटाचं टोक बघून जिबला हात-दीड हात डावीकडे घ्यायला सांगितलं होतं. वादन संपल्यावर प्रेक्षक उभे राहिले. पियानोवादक वाकले ते आधी प्रेक्षकांकडे आणि मग मागे वळून, रायझरकडे. लोकांना वाटलं, वाद्याला नमस्कार केला.

शेवटचं समूहगान दुसऱ्यांदा घ्यावं लागलं, कारण एका गायकाचा माइक मध्येच गेला. प्रेक्षकांनी न कंटाळता पुन्हा तितक्याच टाळ्या दिल्या.

शनिवार

संकलनाच्या खोलीत खिडकी नाही. प्रत्येक कॅमेऱ्याचं चित्रण वेगळं मुद्रित झालेलं, शिवाय ताईंनी चालू कार्यक्रमात केलेला कट. सगळं टाइमकोडवर एकाखाली एक मांडलेलं: तास, मिनिट, सेकंद, फ्रेम. संकलक ताईंचा कट पायाला धरतो आणि जिथे चांगलं काही सापडेल तिथेच बदलतो. ९० टक्के भागाला त्यानं हात लावला नसेल.

चॅनलला प्रवेश वीस सेकंदांनी लहान हवा होता. प्रवेश कापला की त्याखालचा विरणारा सूर तुटतो. पूर्वी असं करणं किती अवघड होतं, ते संकलकानं सांगितलं. १९५६ साली अँपेक्सचं व्हिडिओ टेपचं यंत्र आलं तेव्हा फीत खरोखर कापायचे. चुंबकीय रेघा दिसाव्यात म्हणून तिच्यावर बारीक लोहकणांचा द्रव लावून, सूक्ष्मदर्शकाखाली जागा शोधून, पात्यानं. आज एका बटणाचं काम. पण ऐकणारा कान तोच लागतो. दादानं तो सूर स्वतंत्र ट्रॅकवर मुद्रित करून ठेवला होता, म्हणून खालून तो अखंड पसरता आला.

चित्र आणि आवाज जुळवण्यात एक मजेशीर असमानता आहे. आवाज चित्राच्या पुढे ४५ मिलिसेकंद गेला तरी माणसाला खटकायला लागतं. मागे मात्र १२५ पर्यंत चालतो. निसर्गात आवाज उजेडाच्या आधी कधीच पोचत नाही, मागे नेहमी राहतो, म्हणून उशिराची आपल्याला सवय आहे.

मिश्रणाच्या वेळी गायिकेच्या एका सुराला दुरुस्त करायचं का, यावर चर्चा झाली. हे काम करणारं ऑटो-ट्यून १९९७ साली आलं. ते घडवणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी तेलाचे साठे शोधण्यासाठी भूकंपलहरींच्या नोंदींवर काम करत. सूर किंचित खाली होता. तो तसाच ठेवायचा, असं गायिकेनंच फोनवर सांगितलं. मला बरं वाटलं. तो सूर कष्टाचा होता आणि तो कष्ट ऐकू येतो.

संध्याकाळी दादानं मामांना बोलावून पियानोचा भाग दाखवला. पडद्यावर सूत्रसंचालिका हसत बोलते आहे, मागे निळसर काळोख, तिचा शेवटचा शब्द, आणि दिव्यात न्हालेला पियानो. मामा चित्राकडे बघतच नव्हते. त्यांची नजर खालच्या टाइमकोडवर होती. त्यांनी संकलकाला तो तुकडा मागे न्यायला सांगितला, पुन्हा बघितला, खिशातून कागद काढून काहीतरी टिपलं.

"ताईंना सांगा," ते दादाला म्हणाले, "पुढच्या भागात सूत्रसंचालिका आणखी तीन सेकंद बोलू देत. चौथं कुलूप लागेल."